हान्स-पेटर ब्योम आणि कार्बनचा पृष्ठभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे दिवस आले की कोणी ना कोणी वही घेऊन दारात उभं राहतं. "मॅडम, करवंटीचा कार्बन तयार झालाय. आता बोहेम टायट्रेशन कसं करायचं?" मी आधी विचारते, "बोहेम म्हणजे कोण?" बहुतेकांना ते एखाद्या यंत्राचं किंवा गावाचं नाव वाटतं. खरं तर ते हान्स-पेटर ब्योम या प्राध्यापकांचं नाव आहे. टायट्रेशन म्हणजे ठरावीक ताकदीचं द्रावण थेंब थेंब घालून आम्ल किंवा बेस किती आहे ते मोजणं. कार्बनच्या पृष्ठभागावर काय चिकटलेलं असतं, हे शोधण्यात त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं आणि २०२२ पर्यंत ते आपल्यात होते. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हान्स-पेटर ब्योम कोण होते?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ. जन्म ९ जानेवारी १९२८ चा, पॅरिसमधला. महायुद्ध संपल्यावर १९४७ ते १९५१ या काळात त्यांनी रेगेन्सबुर्गला रसायनशास्त्राचं शिक्षण घेतलं. मग डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात उलरिश हॉफमन यांच्या मार्गदर्शनाखाली १९५३ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे हायडेलबर्गमध्ये काम केलं आणि १९७० मध्ये म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात अकार्बनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९९४ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. एवढं लिहिलं की चरित्र संपतं, कारण त्यांच्या आयुष्यात गाजावाजा असा नव्हताच. जे घडलं ते प्रयोगशाळेत घडलं.

नावाचा उच्चार बोहेम, बोहम की ब्योम?

ब्योम. जर्मनमध्ये 'ओ'वर दोन टिंबं असलेलं अक्षर 'ओई' अशा जोडीनेही लिहितात. त्यांच्या नावात ही जोडी आहे, म्हणून आपल्याकडे ते बोहेम झालं. आणखी एक घोळ कायम होतो. बोहमाइट नावाचं ॲल्युमिनियमचं खनिज यांच्यावरून ओळखलं जात नाही. ते योहान ब्योम या वेगळ्या आणि आधीच्या पिढीतल्या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून आलं आहे. तोंडी परीक्षेत हे चुकलेलं मी ऐकलं आहे.

कार्बन म्हणजे कार्बनच. त्याच्या पृष्ठभागात आयुष्यभर अभ्यास करण्यासारखं काय आहे?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब देते.

ग्राफाइट म्हणजे पापुद्र्यांवर पापुद्रे. प्रत्येक पापुद्रा मधाच्या पोळ्यासारखा षट्कोनी जाळीचा असतो आणि जाळीतला प्रत्येक कार्बन अणू तीन शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. जाळीच्या मधल्या भागात फारसं काही घडत नाही. पण जाळी कुठेतरी संपते. कडेच्या अणूला एक शेजारी कमी पडतो, त्याचा एक हात मोकळा राहतो, आणि तो हात हवेतला ऑक्सिजन, पाणी, हायड्रोजन यांपैकी जे मिळेल ते पकडतो. शेतात पीक मधोमध असलं, तरी नाना तऱ्हेचं गवत उगवतं ते बांधावर. कार्बनचंही तसंच आहे. कार्बोक्सिल, लॅक्टोन, फिनॉल, क्विनोन हे ऑक्सिजनयुक्त गट, म्हणजे अणूंचे छोटे पुंजके, मुख्यतः बांधावर सापडतात.

आता हा बांध किती लांबीचा, ते बघा. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या (खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेल्या कार्बनच्या) एका ग्रॅमला साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे जवळपास दहा गुंठे जमीन, चिमूटभर काळ्या भुकटीत घडी घालून ठेवलेली. त्यात कडाच कडा. त्यामुळे कार्बन पाण्यात मिसळेल की तरंगेल, शिसं धरून ठेवेल की सोडून देईल, टायरच्या रबराशी किंवा छपाईच्या शाईशी त्याचं जमेल की नाही, हे बऱ्याच अंशी कडेच्या गटांवर ठरतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर सोपा प्रयोग आहे. एका परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात दिव्याची काजळी टाका. ती वर तरंगत राहते, हलवली तरी काचेला चिकटते, पाणी स्वच्छच. दुसऱ्या नळीत तीच काजळी टाका, पण आधी नायट्रिक आम्लात उकळून आणि भरपूर धुऊन घेतलेली. ती पाण्यात पसरते आणि सगळं पाणी शाईसारखं काळं होतं. दोन्ही नळ्यांत कार्बनच आहे. फरक फक्त कडेला जे येऊन बसलं त्याचा. आम्लात उकळण्याचं काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं, हे वेगळं सांगायला नको.

हे गट आहेत हे ठीक, पण ते मोजायचे कसे? टायट्रेशनची कल्पना काय आहे?

कल्पना इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. कडेवरचे आम्लधर्मी गट सारख्या ताकदीचे नसतात. कार्बोक्सिल सर्वांत तीव्र, लॅक्टोन मधला, फिनॉल सर्वांत सौम्य. म्हणून चढत्या ताकदीचे बेस, म्हणजे आम्लाला उदासीन करणारे पदार्थ, घ्यायचे. सोडियम बायकार्बोनेट सौम्य, ते फक्त कार्बोक्सिलला उदासीन करतं. सोडियम कार्बोनेट कार्बोक्सिल आणि लॅक्टोन दोघांना. सोडियम हायड्रॉक्साइड तिन्ही गटांना. एकाच कार्बनचे तीन नमुने तीन बेसमध्ये ठेवा, प्रत्येकातला किती बेस खर्च झाला ते बघा आणि वजाबाकी करा. कार्बोनेटच्या आकड्यातून बायकार्बोनेटचा वजा केला की लॅक्टोन, हायड्रॉक्साइडच्या आकड्यातून कार्बोनेटचा वजा केला की फिनॉल. ब्योम यांनी चौथा बेसही वापरला होता, सोडियम इथॉक्साइड, कार्बोनिल गटांसाठी. तो कोरड्या अल्कोहोलमध्ये वापरावा लागतो, म्हणून आता फारसं कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

ही मांडणी त्यांच्या १९६० च्या दशकातल्या लेखांतून पुढे आली. तेव्हा पृष्ठभाग तपासायची आजची महागडी उपकरणं कुठल्याच विभागात नव्हती. ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली खुणांची काचनळी, होती.

प्रत्यक्ष आकडेमोड एकदा करून दाखवाल का?

दाखवते. १.५ ग्रॅम वाळवलेला कार्बन घ्या, त्यावर ०.०५ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.०५ मोल) बायकार्बोनेटचं ५० मिलिलिटर द्रावण ओता, बूच घट्ट लावा आणि २४ तास हलवत ठेवा. मग गाळा. गाळलेल्या द्रावणातलं १० मिलिलिटर पिपेटने काढा, त्यात ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलिलिटर घाला. आता आम्ल जास्त झालं आहे. ते ०.०५ मोलर हायड्रॉक्साइडने मोजा.

कार्बनने काहीच खाल्लं नसतं, तर १० मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिमोल बेस असता, १ मिलिमोल आम्लापैकी ०.५ उरलं असतं आणि ब्युरेट १० मिलिलिटरवर थांबली असती. समजा ती १२ वर थांबली. म्हणजे आम्ल ०.६ उरलं, बेस फक्त ०.४ होता, कार्बनने ०.१ खाल्ला. हे १० मिलिलिटरचं झालं. ५० चं ०.५. भागिले १.५ ग्रॅम, म्हणजे दर ग्रॅमला ०.३३ मिलिमोल कार्बोक्सिल. कार्बोनेटच्या नमुन्यात आम्ल २० ऐवजी ३० मिलिलिटर घाला, कारण कार्बोनेट दुप्पट आम्ल घेतं. हे विसरलं की आम्ल शिल्लकच राहत नाही आणि विद्यार्थी तासभर ब्युरेटकडे बघत बसतात.

माझ्या फिनॉलचा आकडा उणे येतोय. कार्बन खराब आहे का?

कार्बनवर लगेच आळ घेऊ नका. माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात हेच झालं होतं. उसाच्या चिपाडाचा कार्बन होता. बायकार्बोनेटचा आकडा हायड्रॉक्साइडपेक्षा मोठा आला, आणि हे तर शक्यच नाही, कारण हायड्रॉक्साइड सगळंच खातं. मी सलग तीन वेळा नवीन नमुना केला, तिन्ही वेळा तेच. रडवेली झाले होते. शेवटी प्रयोगशाळेत सामान देणाऱ्या काकांनी बायकार्बोनेटच्या फ्लास्ककडे बोट दाखवलं, "अगं, हे बघ, आम्ल घातलं की फसफसतंय." तो कार्बन डायऑक्साइड होता. त्यातला काही द्रावणात विरघळून राहतो आणि शेवटच्या टप्प्यात ब्युरेटमधलं हायड्रॉक्साइड खातो. ब्युरेटचा आकडा वाढतो आणि तो कार्बनच्याच नावावर जमा होतो. बायकार्बोनेट आणि कार्बोनेटच्या नमुन्यांत हे सर्वांत जास्त घडतं, म्हणून वजाबाकी उणे.

उपाय सोपा आहे. आम्ल घातल्यावर द्रावण उकळून थंड करा, किंवा त्यातून नायट्रोजन सोडा. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये या टायट्रेशनची पद्धत प्रमाणित करताना कार्बन डायऑक्साइड घालवण्यावर खास भर दिला होता आणि दोन तास नायट्रोजन सोडायला सांगितलं होतं. हायड्रॉक्साइडची बाटली बरेच दिवस उघडी पडलेली असेल, तर तीही बदला. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून आतल्या आत कार्बोनेट झालेली असते.

चिपाड, भुसा, करवंटी यांच्या कार्बनमध्ये आणखी एक अडचण असते, ती राखेची. राखेतले पोटॅशियमचे क्षार बेसचं काम करतात आणि आम्लगट आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. उलट फॉस्फरिक आम्लाने ॲक्टिव्हेट केलेला कार्बन नीट धुतला नसेल, तर उरलेलं आम्लच तुम्ही 'कार्बोक्सिल' म्हणून मोजता. असे आकडे छापलेलेही मी पाहिले आहेत.

म्हणजे ही पद्धत भरवशाची नाही?

भरवशाची आहे, पण तिच्याकडून काय मागायचं ते कळलं पाहिजे. खुद्द ब्योम यांनी २००२ मध्ये, निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, कार्बनवरच्या ऑक्साइडांच्या विश्लेषणाचा चिकित्सक आढावा लिहिला. स्वतःचं नाव लागलेल्या पद्धतीकडेही त्यांनी त्यात तपासणीच्या नजरेने पाहिलं. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे, त्यातला मोठा वाटा या लेखाचा आहे.

मर्यादा मुख्यतः तीन. ग्रॅमभर तरी नमुना लागतो, आणि नॅनोनलिका मिलिग्रॅमने बनवणाऱ्याला तो कुठून आणायचा? शेजारी शेजारी बसलेले गट एकमेकांची आम्लता बदलतात, त्यामुळे 'फक्त कार्बोक्सिल' ही सीमारेषा पुसट होते. आणि जे गट आम्लधर्मी नाहीत ते यात दिसतच नाहीत. म्हणून सोबत दुसरी पद्धत असावी. नमुना तापवत नेऊन कुठल्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड आणि कुठल्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो ते बघणं ही उत्तम जोड आहे. कार्बोक्सिल लवकर तुटतं आणि डायऑक्साइड देतं. फिनॉल आणि क्विनोन बऱ्याच जास्त तापमानाला मोनॉक्साइड देतात.

कार्बन आम्लधर्मी असतो, मग काही कार्बन पाण्यात टाकल्यावर पीएच का वाढतो?

कारण बेसधर्मी पृष्ठभागही असतो. ब्योम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास यासाठी पायरोनसारखी रचना सुचवली. तिच्यात दोन ऑक्सिजन वेगवेगळ्या कड्यांवर (वलयांवर) असूनही जाळीतून एकमेकांशी जोडलेले राहतात. षट्कोनी जाळीभर पसरलेले 'पाय' (π) इलेक्ट्रॉनही प्रोटॉन धरू शकतात. यातला कुणाचा वाटा किती, यावर अजून चर्चा चालते.

हॉफमन यांच्याकडे ते काय शिकले?

पापुद्र्यांकडे बघायला. उलरिश हॉफमन हे मातीचे मोठे अभ्यासक होते. मॉन्टमोरिलोनाइट ही पाणी प्यायल्यावर फुगणारी माती पापुद्र्यांची असते आणि पाणी त्यांच्या मध्ये शिरतं, हे त्यांच्या गटाने १९३३ मध्ये दाखवलं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात जी जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यातही याच कुळातली माती असते. ग्राफाइट ऑक्साइडही तसंच वागतं. पाणी घेऊन फुगतं, पापुद्रे दूर सरकतात. मातीचा अभ्यासक कार्बनकडे कसा वळला, याचं उत्तर या साम्यात आहे. ब्योम यांनी पुढे कार्बनबरोबर सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या पृष्ठभागावरही काम केलं. पदार्थ बदलला, पण पृष्ठभागावर कोणते गट आहेत हा प्रश्न तोच राहिला.

ग्राफीन त्यांनी शोधलं, हे खरं का?

ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एकच सुटा पापुद्रा. या प्रश्नाचं उत्तर सावधपणे द्यायला हवं, कारण दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते.

ग्राफाइट ऑक्साइड जुनं आहे. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी ते १८५९ मध्येच बनवलं होतं. ब्योम, हॉफमन आणि सहकाऱ्यांनी हे ऑक्साइड सौम्य अल्कात (बेसच्या द्रावणात) पसरवलं. अल्कात त्याचे पापुद्रे सुटे होतात. मग हायड्रॅझिनसारख्या क्षपणकाने त्यातला ऑक्सिजन काढला आणि जे काळं उरलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. दिसल्या त्या अतिशय पातळ, सुरकुतलेल्या चकत्या. जाडी मोजणार कशी? छायाचित्राची काच जिथे जास्त काळी तिथे इलेक्ट्रॉन जास्त पार झाले, म्हणजे चकती पातळ. काळेपणाच्या फरकावरून त्यांनी हिशेब केला आणि सर्वांत पातळ चकतीची जाडी ४.६ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आली. ग्राफाइटच्या दोन पापुद्र्यांतलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे इथे दोन पापुद्र्यांना जागाच नाही. ही एकच जाळी आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९६२ मध्ये छापला. शीर्षक साधं होतं, 'सर्वांत पातळ कार्बन चकत्या' अशा अर्थाचं.

पुढची चाळीसहून अधिक वर्षं त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २००४ मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकच पापुद्रा काढला आणि त्याच्यात वीज कशी वाहते ते मोजलं. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मग ब्योम यांच्यावर अन्याय झाला नाही का?

माझं मत, नाही. नोबेल ग्राफीनवरच्या प्रयोगांसाठी होतं आणि ते प्रयोग मँचेस्टरचेच होते. पण श्रेय पूर्ण द्यायला हवं आणि गाइम यांनी ते दिलं. आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी १९६२ च्या कामाचा उल्लेख केला. केवळ काळेपणाच्या फरकावरून जाडी ठरवणं आजच्या कसोटीला उतरणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरीही त्या नमुन्यांत एकेरी पापुद्रे असणारच आणि कल्पना बरोबर होती, म्हणून ग्राफीनचं पहिलं निरीक्षण हेच मानावं, असं मत त्यांनी मांडलं. ब्योम यांनीही २०१० मध्ये ग्राफीनवर एक लेख लिहिला. प्रयोगशाळेतली एक कुतूहलाची वस्तू अचानक सगळ्यांना महत्त्वाची कशी वाटू लागली, असा त्याचा विषय. तेव्हा त्यांचं वय ८२ होतं.

'ग्राफीन' हा शब्द कोणाचा?

ब्योम, सेटन आणि श्टुम्प या तिघांचा, १९८६ चा. ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये धातू किंवा आम्ल घुसवून होणाऱ्या संयुगांची नावं तेव्हा कोणी कशीही लिहीत होतं. ती एकसारखी करताना एका पापुद्र्याला नाव हवं होतं. ग्राफाइटमधला 'ग्राफ' आणि नॅफ्थलीन, अँथ्रासीन, कोरोनीन या कड्यांच्या संयुगांतला शेवटचा 'ईन' त्यांनी जोडला. तर्क बरोबर आहे, कारण एक एक कडं वाढवत गेलं की शेवटी हाती येते ती ही अथांग जाळी. पुढे आययूपीएसीने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, १९९० च्या दशकात हा शब्द अधिकृत केला.

म्युनिकमध्ये त्यांनी आणखी काय केलं?

बरंच. मला त्यातलं नायट्रोजनचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. ॲक्टिव्हेटेड कार्बन अमोनियाच्या वायूत तापवला की त्यात नायट्रोजन शिरतो आणि ऑक्सिडेशनच्या अभिक्रियांत तो जास्त जोमाने उत्प्रेरक म्हणून वागतो. हे श्टोअर, ब्योम आणि श्लोगल यांनी १९९१ मध्ये छापलं. आज इंधनघटासाठी प्लॅटिनमऐवजी नायट्रोजनयुक्त कार्बन वापरता येईल का, यावर जगभर काम चालतं. त्या वाटेवरचं हे एक सुरुवातीचं पाऊल. त्यांतले रॉबर्ट श्लोगल पुढे बर्लिनच्या फ्रित्झ हाबर संस्थेचे संचालक झाले.

मला करवंटीच्या कार्बनवर काम करायचंय. सुरुवात कुठून करू?

धुण्यापासून. कार्बन डिस्टिल्ड पाण्याने धूत राहा, गाळलेल्या पाण्याचा पीएच लागोपाठ तीनदा सारखा येईपर्यंत. याला कधीकधी दोन दिवस लागतात. मग ११० अंशांना रात्रभर वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच वजन करा, कारण उघड्यावर ठेवलेला कार्बन हवेतलं पाणी ओढतो आणि वजन तुमच्या डोळ्यांदेखत वाढतं. त्याच दिवशी कार्बनशिवाय नुसते तीन बेस तीन बाटल्यांत भरून तेही २४ तास हलवायला लावा. हे कोरे नमुने वेळ नाही म्हणून बहुतेक जण टाळतात. प्रत्येक बाटलीवर बेसचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, चिठ्ठीवर नको, थेट काचेवर, कारण हलवणाऱ्या यंत्रावर चिठ्ठ्या निघून पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.